पिच्चरवाले अण्णा

‘कथा असली तर असू द्या, पण पडद्यावर पैसा दिसला पायजे,’ हा ज्यांचा चित्रपटकलेविषयीचा एकमेव सिद्धांत आहे, त्या गृहस्थांना सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात अण्णा म्हणतात. गावोगाव एक अण्णा असतोच. काही गावांत दोन असतात आणि त्यांचं आपसांत पटत नाही, कारण पिच्चर आधी कुणी बघितला हा वाद मिटलेला नसतो.

वय पन्नाशीच्या पुढं, थोडी द्राक्षबाग, थोडं डाळिंब, दारात पिकअप. बेदाणा घेऊन सांगलीला सौद्याला गेले की गाडी रिकामी झाल्यावर अण्णा सरळ जतचा रस्ता धरत नाहीत. एवढं लांब आलोच आहोत तर पिच्चर बघून डोळे दिपवून घेऊनच परतायचं, असा त्यांचा हिशेब. थ्रीडीचा चष्मा ते स्वतःच्या चष्म्यावर चढवतात आणि दोन्ही चष्म्यांचा भार सोसणारं नाक अडीच तास वर धरून बसतात.

कौटुंबिक चित्रपट त्यांना चालत नाही. ‘रडायला घरी सोय हाय की!’ प्रेमकथाही नको, कारण झाडामागं उभं राहायला खर्च तो काय येणार? भाषेची मात्र अट नाही. तालुक्याच्या कर्नाटकाला लागून असलेल्या पूर्वभागातल्या अण्णांच्या घरात कन्नड, बाजारात मराठी आणि टीव्हीसमोर हिंदी. त्यात इंग्रजीची भर पडल्यानं त्यांचं काही बिघडत नाही. पडद्यावर माणसं बोलत बसली की बाहेर जाऊन चहा मारायचा आणि गाड्या उडायला लागल्या की आत यायचं.

२०१८ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘रेडी प्लेअर वन’ आला, तो जणू अण्णांसाठीच काढलेला. स्पीलबर्ग हे नाव अण्णांना माहीत नाही. ‘जुरासिक पार्क’ १९९४ साली हिंदीत आला तेव्हापासून ते या माणसाला ‘डायनासोरवाला’ म्हणून ओळखतात. चित्रपटाचा खर्च सतरा कोटी डॉलरच्या आसपास, असं पुतण्यानं मोबाईलवर बघून सांगितलं. अण्णांनी बोटांवर रुपये केले, अकराशे कोटींच्या आगेमागे आकडा आला, आणि ते क्षणभर गप्प झाले. ‘एवढ्यात म्हैसाळ योजनेचं पाणी कुठवर आलं असतं रं?’ असं विचारून त्यांनी तिकीट काढलं.

गोष्ट २०४५ सालातली, अमेरिकेतल्या कोलंबस शहरातली. गरीब लोक पत्र्याच्या गाडीघरांवर गाडीघरं रचून राहतात. खरं जग इतकं भिकार झालंय, की सगळे डोळ्यांवर यंत्र चढवून ‘ओअ‍ॅसिस’ नावाच्या खेळातल्या दुनियेत जाऊन बसतात. ही दुनिया ज्यानं घडवली तो हॅलिडे मरताना तीन चाव्या लपवून ठेवतो. ज्याला त्या सापडतील तो सगळ्याचा मालक. इस्टेट पन्नास हजार कोटी डॉलरची!

इथं अण्णांना पहिला ठसका लागला. ‘एवढी मिळकत आणि वारसनोंद न्हाई? तलाठी काय करत हुता?’ चाव्या शोधण्यापेक्षा सातबारा काढा, असं त्यांनी पडद्याला मोठ्यानं सुचवलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून बघितलं. अण्णांनी त्यांनाही ते समजावून सांगितलं.

पहिल्या चावीसाठी मोटारींची शर्यत आहे. रस्ते उलटेपालटे होतात, किंग काँग इमारतींवरून उड्या मारतो आणि मध्येच ‘जुरासिक पार्क’मधला तो टी-रेक्स येतो. त्याला बघून अण्णा गहिवरले. ‘जुनं जनावर अजून दावणीला ठेवलंय बघा. इकलं न्हाई.’ जतच्या यल्लम्माच्या यात्रेत खिलार बैलांचे दात बघत ज्याची हयात गेली, त्याच्या तोंडून दिग्दर्शकाला याहून मोठी पावती मिळणं अवघड आहे. पाच वर्षं ही शर्यत कुणालाच जिंकता आलेली नसते. शेवटी वेड नावाचा पोरगा सगळे पुढं पळत असताना गाडी सुसाट मागं घेतो आणि त्याला वाट सापडते. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं, अण्णा मात्र वैतागले होते. ‘पाच वर्षं? ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेणारं आमचं कुठलंबी पोरगं पयल्या दिवशी गेलं असतं.’

आता घरची बाजू. धाकटा मुलगा मोबाईलवर पबजी खेळायचा तेव्हा अण्णांनी त्याचा फोन दोनदा धान्याच्या कणगीत लपवला होता. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं त्या खेळावर बंदी घातली, तेव्हा चौकात पेढे वाटायचंच काय ते बाकी राहिलं होतं. आणि हेच अण्णा परक्याच्या पोराचा खेळ तिकीट काढून, दोन चष्मे लावून, दोन तास वीस मिनिटं बघून आले होते. पोरानं हे नेमकं बोलून दाखवलं. अण्णा म्हणाले, ‘तुझ्या खेळात पैसा दिसतोय का कुठं?’ पोराकडं उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडंच नसतं.

अण्णा सिनेमा बघून आले की चार दिवस स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर तो पुन्हा लागतो. त्यात किंग काँगची उंची रोज वाढते. त्या खेळाच्या दुनियेवर ताबा मिळवायला एक बलाढ्य कंपनी टपलेली असते, हा भाग अण्णा आधी दोन वाक्यांत उरकायचे. पण २०२२च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातली ४० गावं कर्नाटकात घेण्याची गोष्ट काढली, मुंबईपर्यंत गडबड उडाली, आणि अण्णांना आपला जुना पिच्चर एकदम आठवला. ‘त्यातबी असंच हुतं,’ ते गाड्यावर सांगू लागले, ‘मालक कोण यावरनं मारामारी. आत राहणाऱ्याला पाणी मिळतंय का, त्ये कुणी इचारलं न्हाई.’ ‘ओअ‍ॅसिस’मध्ये पाण्याचा प्रश्न नव्हता, हे कुणीतरी हळूच म्हणालं. त्याला चहा मिळाला नाही.

या पिच्चरमध्ये अण्णांना सगळ्यात कमी पटलेली जागा अगदी शेवटी येते. अधांतरी नाचणारे लोक त्यांना पटले. वेडच्या अंगावरचा पोशाख खेळातली बुक्की खरोखर जाणवून देतो, तेही पटलं. जिंकलेला पोरगा मात्र शेवटी जाहीर करतो, की लोकांनी खऱ्या जगात राहावं म्हणून खेळाची दुनिया दर मंगळवारी आणि गुरुवारी बंद राहील. ज्यांच्या पाण्याच्या मोटारीला थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री आणि कधी नुसतीच वेळापत्रकात येते, ते अण्णा खुर्चीत पुढं सरकले.

‘दोनच दिवस? त्येबी ठरल्याले? आन् आधी सांगून?’ त्यांनी दोन्ही चष्मे काढले. ‘ह्या अमेरिकावाल्यांचं कायतरीच.’