मस्टँगचा घसा

१९६५ची फोर्ड मस्टँग ही स्पोर्ट्‌स कार आहे की नाही, यावरून आमच्या गल्लीत दोन तट आहेत. एका तटात मी आहे आणि दुसऱ्या तटात उरलेली गल्ली. विरोधी पक्षाचे नेते म्हणजे आमचे उजवीकडचे शेजारी. या गृहस्थांनी डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यात हयात घालवली. त्यांच्याकडे कॉर्व्हेट आहे आणि कॉर्व्हेटला दोनच सीटा असतात. मागे पोरंबाळं बसवता आली की ती संसारी गाडी, असं त्यांचं स्वच्छ मत. माझ्या मस्टँगला मागे बाक आहे. त्या बाकावर धडधाकट माणूस बसूच शकत नाही, हा माझा बचाव ते ऐकून घेतात आणि फेटाळतात.

इतिहास मात्र थोडासा माझ्या बाजूने आहे. कॅरोल शेल्बीला १९६५ साली मस्टँग शर्यतीत उतरवायची होती, तेव्हा अमेरिकेतल्या स्पोर्ट्‌स कार क्लबाचा हाच नियम आडवा आला होता. शेल्बीने मागचा बाक उपटला, तिथे फायबरग्लासची फळी बसवली, तिच्यावर स्टेपनी ठेवली, आणि गाडी रीतसर स्पोर्ट्‌स कार झाली. म्हणजे माझी गाडी स्पोर्ट्‌स कार होण्यापासून फक्त एका बाकाच्या अंतरावर आहे. (इंजिनाच्या बाबतीत हे अंतर जरा वाढतं. शेल्बीच्या गाडीत आठ सिलिंडर आणि ३०६ अश्वशक्ती, माझीत सहा सिलिंडर आणि १२०. हा मुद्दा मी शेजाऱ्यांसमोर काढत नाही.)

पण मला बोलायचंय ते तिच्या आवाजाबद्दल. मी पोटासाठी दिवसभर ज्या गाड्यांवर काम करतो, त्यांत दारात, खांबात, छतात, सीटमागे असे डझनभर स्पीकर असतात. मस्टँगमध्ये एक. तोही रेडिओ घेतलात तर, आणि रेडिओला जादा पैसे. पाच बाय सात इंची, अंडाकृती, डॅशबोर्डच्या माथ्यावर मधोमध, आकाशाकडे तोंड करून बसवलेला. वरून काचेतून येणारं ऊन त्याच्या थोबाडावर, बाजूने काचेवरचं धुकं घालवणाऱ्या गरम हवेचा झोत, आणि मधे हा बिचारा कागदाचा. गाणं आधी वर काचेवर जाऊन आपटणार आणि मग तुमच्याकडे येणार. या जागी कागदाची वस्तू ठेवायला नको हे सांगायला इंजिनियर लागत नाही. ती ठेवायला मात्र लागला असणार.

तरीही तो कागद साठीपर्यंत टिकला होता. त्याचा घात उन्हाने केला नाही, उंदराने केला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. पत्रा सडू नये म्हणून जुन्या गाड्या ऑक्टोबरात गॅरेजमध्ये जातात आणि बर्फ सरल्यावर बाहेर निघतात. मधल्या काळात गाडीत उंदीर राहायला येतात. त्यांच्यासाठी मी सीटखाली डांबरगोळ्या टाकल्या होत्या. त्यांचा परिणाम बायकोवर झाला. ती अजून त्या गाडीत नाक धरून बसते. उंदरावर झाला नाही. गणपतीच्या वाहनाने माझ्या वाहनात शिरून स्पीकरचा निम्मा कागद कुरतडला आणि हातमोज्याच्या कप्प्यात बाळंतपणाची खोली थाटली.

वसंतात रेडिओ लावला तर बातम्या सांगणारा माणूस अखंड खाकरत होता. मुलगी मागच्या बाकावरून (ती अजून तिथे मावते) म्हणाली, ‘‘बाबा, कारचा घसा बसलाय. तिला गुलण्या दे.’’

योगायोग असा की त्याच सुमाराला माझे सासरे, म्हणजे अण्णा, सांगलीहून आले होते. अण्णांचं गावभागात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वाल्व्हच्या रेडिओपासून ट्रान्झिस्टरपर्यंत सगळी खानेसुमारी त्यांच्या हाताखालून गेलेली. अमेरिकेत आल्यापासून ते कंटाळले होते, कारण इथे काही बिघडलं की फेकतात आणि बिघडेपर्यंत त्याला हात लावू देत नाहीत. गाडीचा आवाज ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला.

‘‘कोन गेलाय,’’ ते म्हणाले. ‘‘कॉइल बघू. एक सेल आणा.’’

घड्याळातला दीड व्होल्टचा सेल आणि दोन वायरचे तुकडे. वायर टेकवली की स्पीकरने ‘खट्’ म्हणायचं आणि कागद जरा हलायचा. म्हटलं तर कॉइल जिवंत. स्पीकर खट् म्हणाला. अण्णा त्याच्याकडे बघून असे हसले की इतक्या वर्षांत जावयाकडे बघून तसे हसल्याचं मला आठवत नाही.

‘‘कोन नवा बसवू. कागद, डिंक आणि दोन दिवस सावलीत वाळवणं. होऊन जाईल.’’

आणि इथे आमचे मतभेद सुरू झाले. १९६५च्या मस्टँगचा बहुतेक प्रत्येक भाग आजही नवाकोरा बनवून मिळतो, खिळ्यापासून अख्ख्या सांगाड्यापर्यंत. मनात आणलं तर १९६५चा एकही तुकडा न वापरता १९६५ची मस्टँग उभी करता येते. अशा देशात मी डिंक लावणार? मी दुहेरी कॉइलचा स्पीकर मागवला. सोबत एक रेडिओ, ज्याची बटणं बाहेरून १९६५ची आणि आतून ब्लूटूथ. जुन्या रेडिओला आजचा कमी ओहमचा स्पीकर जोडला तर त्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जातो, तेव्हा दोन्ही बदलणं तांत्रिकदृष्ट्या योग्यच होतं. अण्णांनी ओहमचा मुद्दा मान्य केला. बाकीचा नाही.

दुहेरी कॉइल म्हणजे काय ते सांगायला हवं. स्टिरिओला डावा आणि उजवा असे दोन आवाज लागतात आणि मस्टँगच्या डॅशबोर्डात भोक एकच. म्हणून एकाच कोनाच्या बुडाशी दोन कॉइली गुंडाळतात. एकीला डावा आवाज, दुसरीला उजवा, कागद दोघींत मिळून एक. एकत्र कुटुंबात दोन जावा एका चुलीवर आपापली भाजी शिजवतात, आणि ताटात आल्यावर कुठली कोणाची ते कळत नाही, तो प्रकार. ‘‘मग दोन कशाला?’’ अण्णांनी विचारलं. मी माहितीपत्रक वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

स्पीकर काढायला वरून वाट नाही. खालून जावं लागतं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर उलटं झोपायचं, डोकं डॅशबोर्डखाली, कंबर सीटच्या कडेवर आणि पाय पाठीवरून बाकाकडे. हातमोज्याच्या कप्प्याचं अस्तर पुठ्ठ्याचं असतं. ते काढलं की हात आत जातो, मनगट जातं, आणि कोपर जात नाही. पुढे धुक्याच्या हवेची नळी, तिच्यामागे रेडिओची पट्टी, आणि त्यामागे कुठेतरी ते नट, जे १९६५पासून कोणी पाहिलेले नाहीत. अण्णांकडे बॅटरी दिली होती. लहानपणी वडिलांसाठी बॅटरी धरताना मी जिथे त्यांना बघायचंय ते सोडून भलतीकडे उजेड पाडायचो आणि बोलणी खायचो. अण्णांनी त्याची भरपाई केली. त्यांना वायरिंग बघायचं होतं, म्हणून उजेड वायरिंगवर. मी अंधारात.

पाने अर्थातच इंची. अण्णांचा हात दहा-अकरा, बारा-तेरावर बसलेला. तीन अष्टमांश आणि सात सोळांश ऐकून ते क्षणभर थांबले. आणि मग त्यांना निमकी-पावकी आठवली. ज्या पावकीसाठी शाळेत गुरुजींच्या छड्या खाल्ल्या आणि जी पुढे उभ्या आयुष्यात कामाला आली नाही, ती डेट्रॉईटला येऊन कामाला आली. तीन अष्टमांश म्हणजे दीड पाव. सात सोळांश म्हणजे पावणेदोन पाव. ‘‘जावईबापू, दीड पाव की पावणेदोन?’’ असं वरून विचारणं आणि खालून ‘‘दीड पाव!’’ असं माझं ओरडणं सुरू झालं. शेजारी कुंपणाशी येऊन उभे होते. त्यांना सीटच्या पाठीवरून माझे मोजे दिसत होते. एवढी मापं घेऊन आम्ही गाडीत काय शिजवतोय, असं त्यांनी अण्णांना खुणेने विचारलं. अण्णांनी त्यांना आत बोलावलं, आणि संध्याकाळपर्यंत ते विरोधी पक्षनेते दीड पावाचा पाना मागायला शिकले.

एक नट हातातून निसटला आणि हवेच्या नळीत गेला. तो अजून तिथेच आहे. डावीकडे वळलं की तो उजवीकडे घरंगळतो, उजवीकडे वळलं की डावीकडे. त्या गाडीत खराखुरा स्टिरिओ तेवढाच.

कारण नवा स्पीकर बसला, रेडिओ उजळला, आणि आता लावायचं काय? डेट्रॉईटच्या जुन्या गाडीत मोटाउन लावतात, असा इथला रिवाज आहे. बेरी गॉर्डी आधी लिंकन-मर्क्युरीच्या असेंब्ली लाइनवर काम करायचा. १९५९मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने रेकॉर्ड कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या त्या घराचं आता संग्रहालय झालंय. आम्ही अण्णांना तिथे घेऊन गेलो होतो. मोटाउनची मंडळी गाणं तयार झालं की स्टुडिओच्या भारी स्पीकरवर ऐकून थांबत नसत. मोटारीतल्या रेडिओसारख्या एका छोट्या, किरट्या स्पीकरवर ते वाजवून बघत, कारण गिऱ्हाईक गाडीत बसलेलं. तिथे उठून दिसेल असाच ठेका, तसाच आवाज. नदीपलीकडे विंडसरला सीकेएलडब्ल्यू हे ५०,००० वॉटचं स्टेशन होतं, ते हीच गाणी मीडियम वेव्हवरून इकडे पाठवायचं. (विंडसर कॅनडात, पण डेट्रॉईटच्या दक्षिणेला. हे अण्णांना आजही पटलेलं नाही. कॅनडा उत्तरेला असतो, असं त्यांना शाळेत शिकवलंय आणि पावकीचं खरं झालं तर भूगोलाचंही व्हायला हवं.)

म्हणजे एका किरट्या कागदाच्या मापाने बेतलेली गाणी मी दुहेरी कॉइलवर लावली. स्पीकर चांगला होता, त्यात वाद नाही. खर्जही इतका दिला की ॲश-ट्रे थरथरायला लागला. पण गाणं कुठेतरी सैल पडलं. ठेका जो काचेवर आपटून कपाळावर यायचा, तो आता पायाजवळ लोळत होता. बाहेरून सहा सिलिंडर, खिडकीच्या रबरातून वारा, आणि नळीतला नट. उत्तम स्पीकरने हे सगळं दाबलं नाही. त्याने त्यांच्यात आणखी एक आवाज घातला.

‘‘आपलं काहीतरी लावा,’’ अण्णा म्हणाले. मी फोनवरून गीतरामायण लावलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, आकाशवाणी पुणे. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला एक गाणं, वर्षभर. अण्णांच्या वाड्यात रेडिओ एकच होता. त्याला हार घालून, उदबत्ती लावून माणसं समोर बसायची. अण्णा लहान होते, आणि रेडिओच्या मागे जाऊन आत कोण आहे ते बघणाऱ्यांपैकी होते. दुकानाचा पाया तिथेच पडला असणार.

गाणं सुरू झालं. अण्णांनी डोळे मिटले, मान हलवली, आणि कडव्याच्या मधेच डोळे उघडले.

‘‘हे मोनो आहे.’’

‘‘हो. त्या काळी सगळंच मोनो.’’

‘‘ती मोटाउनची गाणी?’’

‘‘तीही बहुतेक मोनोच ऐकायची.’’

‘‘म्हणजे दोन्ही कॉइलींना तोच माणूस तेच सांगतोय.’’

मागच्या बाकावर बायको होती, गुडघे हनुवटीला आणि नाकाला पदर. तिने विचारलं, ‘‘दुसऱ्या कॉइलीचे किती पडले?’’

ऑगस्टात वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या चालत्या माणसाच्या वेगाने फिरतात, आणि प्रत्येकीचं इंजिन तिच्या मालकाला जगाने ऐकावंसं वाटतं. अण्णांना पुढे बसवून मी गेलो. शेजारी कॉर्व्हेटमध्ये आमच्या मागे. रेडिओ लावला होता की बंद होता हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. अण्णा एकूण खूश होते. असा आवाज आणि अशी गर्दी त्यांनी फक्त सांगलीच्या गणपती विसर्जनात पाहिली होती, आणि तिथे पार्किंगचे पैसे पडत नाहीत.

परत जाताना त्यांनी जुना स्पीकर मागून घेतला. मी देतच होतो. विमानतळावर मात्र त्याच्या चुंबकाने आणि लटकणाऱ्या वायरींनी रंगत आणली. अण्णांनी सुरक्षा अधिकाऱ्याला सेल लावून ‘खट्’ करून दाखवायची तयारी दाखवली. ती मुलीने वेळेवर थांबवली. शेवटी ‘फोर्ड’ हा शब्द कामाला आला. डेट्रॉईटच्या विमानतळावर फोर्डच्या पार्टला कोणी अडवत नाही, निदान अण्णांना तरी तसंच वाटतं.

पंधरवड्याने सांगलीहून व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला. कोन बसला होता, डिंक वाळला होता, स्पीकर एका लाकडी खोक्यात घालून स्वयंपाकघरातल्या रेडिओला जोडला होता. मागे आकाशवाणी सांगली चालू होतं, आणि कुकरच्या शिट्टीच्या वर अण्णांचा आवाज:

‘‘जावईबापू, आवाजाला दम आहे. गाणी फर्स्ट क्लास. फक्त बातम्यांत जरा गडबड होते. साठ वर्षं तिकडे राहिलाय ना, ‘ळ’ अजून ‘ल’ येतोय. आमच्या नातीसारखा. दोघांनाही सुट्टीत इकडे ठेवा, सुधारतील.’’