पाचशे चौरस मीटरांतला सर्जा

ऑकलंडच्या ईस्ट टामाकीतला मराठी माणूस तीन गोष्टी पाळतो : मांजर, मौन आणि गृहकर्ज. पैकी शेवटचं तीस वर्षं जगतं. आमच्या एका स्नेह्यांनी त्यात चौथ्याची भर घातली. त्यांनी बैल पाळला. म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे बैल.

सुरुवात पोळ्याला झाली. इथे पोळा हॉलमध्ये होतो आणि बैल पुठ्ठ्याचा असतो. गावाहून कच्च्या मातीची जोडी बॅगेत घालून आणली आणि विमानतळावरच्या फॉर्मवर लिहायला विसरलं, तर 400 डॉलर दंड. तेवढ्या पैशांत पुठ्ठ्याचा कळप होतो. पण त्या दिवशी पुठ्ठ्याच्या शिंगांना बेगड लावता लावता स्नेह्यांचा गळा दाटून आला. पोळा येतो ऑगस्टच्या आगेमागे, आणि न्यूझीलंडच्या दुभत्या गाई वितात त्याही नेमक्या त्याच सुमारास. या देशात माणसं बावन्न लाखांच्या घरात आणि गुरं नव्वद लाखांच्या वर. दुधाच्या धंद्यात नर वासराला काम नाही. अशी लाखो वासरं जन्मल्यावर काही दिवसांतच कत्तलखान्याच्या गाडीत चढतात. इथली मंडळी त्यांना ‘बॉबी’ म्हणतात, म्हणजे नाव एकच, सगळ्यांना मिळून. स्नेह्यांनी त्यातलं एक काळंपांढरं फ्रीजियन वासरू सोडवून आणलं आणि त्याला स्वतंत्र नाव दिलं : सर्जा.

मी विचारलं, “शेतीचा काही अनुभव?”

“रक्तात आहे हो आमच्या.”

रक्तात होती ती आजोबांच्या. वडिलांच्या रक्तात बँकेची नोकरी होती, यांच्या रक्तात जावा आणि पायथन. सध्या तपासलं तर साखर निघते, तीही उसाच्या फडातली नव्हे.

आता जागेचा हिशोब. इथले गवळी एका हेक्टरवर सरासरी अडीच-पावणेतीन गाई ठेवतात. स्नेह्यांचा प्लॉट पाचशे चौरस मीटरांचा. घर, गॅरेज आणि ट्रॅम्पोलिन जमीनदोस्त करून सगळीकडे गवत लावलं तरी तिथे गाईचा सातवा हिस्सा मावतो. एक पाय आणि शेपूट, फार तर. शिवाय ऑकलंड कौन्सिलचा नियम असा की लहान शहरी जागेत सहा कोंबड्या खुशाल ठेवा, पण कोंबडा किंवा गुरं ठेवायची तर परवाना काढा. कौन्सिलला आरवण्याचं भय आहे. हंबरण्याचंही.

खरं तर हा गुरांचाच मुलूख. गिडियन स्मेल्स नावाच्या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथे शेत वसवलं. हॅम्प्टन पार्कात त्या काळचं दगडी चर्च अजून उभं आहे. शेजारच्या फ्लॅट बुशमध्ये तर परवापरवापर्यंत गाई चरत. आता हायब्रूकच्या वखारी आहेत, श्वसनयंत्रं बनवणारी फिशर अँड पायकेल हेल्थकेअर आहे आणि जिथे गोठे होते तिथे गोठ्याएवढीच घरं आहेत. सर्जा उशिरा जन्मला, एवढाच त्याचा दोष.

आठ दिवस गॅरेजमध्ये काढून सर्जा व्हिटफर्डकडच्या भाड्याच्या कुरणात गेला. जाताना कानात बिल्ला. 2012 पासून या देशात प्रत्येक गुराची ‘नाइट’ नावाच्या यंत्रणेत नोंद लागते, मग तुमच्याकडे हजार असोत की एक. जनावर हलवलं की 48 तासांत कळवायचं. स्नेह्यांचा स्वतःचा पत्ता बदलला तेव्हा बँकेला कळवायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

आणि मग स्नेह्यांच्या आईंचा व्हिडिओ कॉल आला, आटपाडीहून. “आई, पुढच्या पोळ्याला खरा बैल!”

“पोळा? आरं, आपल्यात बेंदूर असतुया.” पहिला चेंडू, पहिली विकेट. मग त्यांनी चष्मा लावून स्क्रीन जवळ घेतली. खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार जोड्या पारखलेली नजर ती. “बडवलाय का त्येला?”

“आई, तो पेट आहे!”

“पेटू दे न्हाईतर इझू दे. बडवलाय का?”

इथे मराठीचा छोटा वर्ग घेणं भाग आहे, कारण स्नेह्यांची सगळी फसगत व्याकरणाची आहे. लहान असतो तो गोऱ्हा, वाढला की खोंड. खोंड बडवला, म्हणजे खच्ची केला, की बैल. न बडवता ठेवला तर वळू. आपण ज्याच्या गळ्यात घुंगरमाळा घालतो, ज्याला पुरणपोळी भरवतो, तो सोशिक प्राणी माणसाने घडवलेला असतो. न्यूझीलंडचा शेतकरी हे काम वासरू काही आठवड्यांचं असताना रबरी रिंग लावून उरकतो. सहा महिन्यांनंतर करायचं तर वेदनाशामक देणं कायद्याने सक्तीचं. स्नेह्यांना दोन्ही क्रूर वाटलं. सर्जा अखंड राहिला.

आणि वळू आपल्याकडे कोणी घरी पाळला होता? तो देवाला सोडलेला असे. साऱ्या गावाचा, म्हणून कुणाचाच नाही, आणि त्याने पीक खाल्लं तर तक्रार देवाकडे. उमेश कुलकर्णींच्या 2008 सालच्या ‘वळू’ चित्रपटात एक जनावर धरायला वनाधिकारी बोलवावा लागतो आणि अख्खं कुसवडे गाव कामाला लागतं. स्नेह्यांकडे गाव नाही. पत्नी आहे, ती शनिवारी फार्मसीत कामाला असते. गावाकडचा वळूही आता बदलला. 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला ‘बायफ’ ही संस्था सुरू केली. कृत्रिम रेतन गावोगाव पोचलं, तेव्हापासून वळू द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये राहतो. पाळायला तोच प्रकार सोयीचा. कुंपण लागत नाही.

सर्जा आता दीड वर्षाचा आहे, वजन साडेचारशे किलोंच्या आसपास. पूर्ण वाढ झाली की टनाच्या घरात जाईल. बाटलीने वाढवलेल्या वासराची अडचण अशी की ते माणसालाच आपला कळप समजतं. लहानपणी ढुशी दिली की आपण हसतो. वयात आल्यावर तीच ढुशी कळपात वरचं स्थान मिळवण्यासाठी असते. म्हणून मोकाट वाढलेल्या वळूपेक्षा लाडावलेला जास्त घातक, आणि त्यातही दुभत्या जातीचा. परवा तो स्नेह्यांसमोर आडवा उभा राहिला, पाठीला कमान दिली, मान खाली घालून खुराने माती उकरली. गुरांच्या भाषेत याचा अर्थ, ‘माझी रुंदी बघ आणि विचार कर.’ स्नेह्यांनी फोटो काढून डीपीला लावला. खाली लिहिलं, ‘सर्जा इन मूड.’

मी समजवायला गेलो तर त्यांनी नेब्रास्काचा दाखला दिला. 2023 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या नॉरफोक गावात एक गृहस्थ वाटुसी जातीचा लांब शिंगांचा बैल मोटारीत शेजारी बसवून निघाले होते. पोलिसांना वाटलं, वासरू असेल. निघाला हाउडी डूडी नावाचा धिप्पाड प्राणी, मोटारीचं अर्धं छप्पर कापून बसवलेला. पोलिसांनी समज देऊन सोडलं. “बघा!” स्नेही म्हणाले. मी त्यांच्या टोयोटाकडे बघितलं. छप्पर अजून शाबूत आहे, हप्तेही चालू आहेत.

गेल्या रविवारी सर्जाने त्यांना कुंपणावरून पलीकडे पोचवलं. बरगडी वाचली, फोन गेला. डीपी मात्र ढगात सुरक्षित आहे. आईंना कळवलं नाही. त्यांनी आपणहूनच विचारलं, “दरवाजा कुठल्या बाजूला उघडतुया कुरणाचा?” पळायची वाट आधी बघावी आणि वळूकडे पाठ करू नये, हे इथल्या प्रत्येक गवळ्याच्या पोराला माहीत असतं. आटपाडीच्या आईंनाही माहीत होतं. मधली पिढी गैरहजर होती.

तेव्हा स्नेह्यांच्या विनंतीवरून खालील मजकूर या सदरात देत आहे :

देणे आहे. सर्जा, फ्रीजियन, दीड वर्ष, कानात बिल्ला. केळी सालासकट खातो, मराठी समजतो, ऐकत नाही. क्लीव्हडन-व्हिटफर्डकडे मजबूत कुंपणाची किमान एकरभर जागा, नाइटची नोंदणी आणि गुरांचा खराखुरा अनुभव असलेल्यांनीच विचारावं. ‘रक्तात आहे’ म्हणणाऱ्यांनी कृपया फोन करू नये. पशुवैद्याचा खर्च आणि गाडीभाडं आम्ही देऊ.