काळावर ढकलू नका

महाबळेश्वरला आर्थर सीटवर गेलात की एक खेळ दिसतो. कुणीतरी बाटलीचं झाकण कड्यावरून खाली टाकतं आणि खोऱ्यातून उसळलेला वारा ते परत वर आणून देतो. पोरं टाळ्या पिटतात. बाप आणखी एक पाऊल पुढे होऊन व्हिडिओ काढतो.

झाकण परत येतं. बाप येत नाही.

या कड्याला ज्याचं नाव मिळालं, त्या आर्थर मॅलेटची बायको आणि मूल सावित्री नदीत होडी बुडून मरण पावली होती. तो इथं येऊन सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहत बसे, असं सांगतात. म्हणजे आपण दरीकडे पाठ करून जिथं फोटो काढतो, ती जागाच मुळी एका अपघाताच्या आठवणीची आहे.

आपली पाठ अजूनही तिकडेच आहे.

अपघात झाला की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला : काळाचा घाला. मला या मथळ्याची चीड येते. टायर गुळगुळीत होईपर्यंत काळानं वापरले का? ढासळलेला कठडा काळानं तसाच ठेवला का? ज्याचं काम होतं त्याला मोकळं सोडायचं आणि ज्याला नोटीस बजावता येत नाही त्याला आरोपी करायचं, एवढाच या मथळ्याचा उपयोग.

सरकारी खुर्चीचं वाक्यही ठरलेलं : लोकांना शिस्तच नाही.

एक जण काळावर ढकलतो, दुसरा मेलेल्यावर.

अमेरिकेत विल्यम हॅडन नावाचा डॉक्टर होऊन गेला. १९६०च्या दशकात तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेचा तो पहिला प्रमुख झाला. इजा ही रोगासारखी असते, असं त्यानं मांडलं. तिला कारण असतं, जागा असते, वेळ असते. म्हणून ती टाळताही येते. त्याचे प्रश्न तीन. घडण्याआधी काय करता आलं असतं? घडताना काय? घडल्यावर काय?

आपण तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि मदतनिधी जाहीर करून तिथंच थांबतो.

पहिल्या प्रश्नाला आपलं उत्तर एकच, पाटी. 'अपघातप्रवण क्षेत्र'. घरात, एसटीत, चहाच्या टपरीवर हा शब्द कधी कुणाच्या तोंडून ऐकलाय? ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पळते. ही पाटी वाचून समजायला दोन सेकंद लागले तर २२ मीटर गेले. घाटात तेवढ्यात वळण येतं. 'पुढे वळण, हळू' असं लिहायला काय हरकत आहे?

आणि भाषा कोणती? दिवाळीत महाबळेश्वर गुजरातेतून आलेल्या कुटुंबांनी गजबजतं. हॉटेलवाल्याला हे कधीच कळलं, म्हणून तो गुजराती थाळीची पाटी लावतो. पाहुण्याच्या जिभेची चव आपण ओळखतो. मग दरीचा इशारा त्याच्या भाषेत का नको?

भूक त्याची, तसा जीवही त्याचाच.

तारखेचंही तेच. रस्ता सुरक्षेचं अभियान जानेवारीत. तेव्हा घाट कोरडा असतो, आभाळ निरभ्र असतं. धुकं आणि दरडी जुलैत येतात. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरात एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला. जानेवारीतलं भाषण जुलैतल्या वळणापर्यंत पोचतं का?

आता पाचगणी ओलांडा, पसरणीचा घाट उतरा, वाई गाठा आणि समोरच्या डोंगरावर चढा. मांढरदेवी. काळूबाईचं ठाणं.

२५ जानेवारी २००५. शाकंभरी पौर्णिमा. डोंगरावर लाखोंची गर्दी, देवळाकडे जाणारी अरुंद वाट, दोन्ही अंगांना दुकानं आणि पायऱ्यांवर फुटलेल्या नारळांचं पाणी. पाय घसरले. एक पडला, त्याच्यावर दहा पडले. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, ते रेटत राहिले. संतापलेल्या जमावानं दुकानं पेटवली, गॅसच्या टाक्या फुटल्या. पावणेतीनशेहून अधिक माणसं गेली.

देवीला नारळ फोडला जातो, हे त्या दिवशी नव्यानं कळलं का?

हिशेब करू. एका नारळात पाव लिटर पाणी धरा. एक लाख नारळ म्हणजे पंचवीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे अडीच टँकर एका दगडी उतारावर ओतायचे आणि वर अनवाणी माणसं सोडायची. हे ओळखायला आयोग लागत नाही. पायथ्याचा नारळवाला तोंडी सांगेल, कारण किती पोती माल लागतो हे त्याला यात्रेच्या आधीच माहीत असतं.

त्याला कुणी विचारलं होतं?

पुढे न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग बसला. पशुहत्या, वाद्यं, नारळ फोडणं, तेल वाहणं यांवर यात्रेच्या काळात मनाईचे आदेश निघू लागले. जीव वाचवायला ही मनाई हवीच होती. पण मनाईनं नारळ थांबतो, नवस थांबत नाही. नातवाच्या आजारपणात बोललेला नवस घेऊन एखादी आजी रात्रभर टेम्पोत बसून आलेली असते. 'इथं फोडायचा नाही' हे तिला सांगितलं. मग कुठं फोडायचा?

हे सांगितलं नाही, तर ती लपून फोडते. लपून, म्हणजे जिथं उजेड नाही आणि पोलीस नाही, नेमक्या त्या जागी.

उपाय साधा आहे. वाटेपासून दूर, खाली, उताराची खडबडीत फरशी करा. पाणी वाहून जायला पन्हळ काढा. शेजारी वाळूचा ढीग ठेवा. आणि 'देवीचा नारळ इथं वाढवा' असं लिहा. 'फोडा' नव्हे, 'वाढवा'. भाविकाच्या तोंडात जो शब्द आहे तोच पाटीवर असू द्या. ज्याला तिची भाषा येते त्याला तिची श्रद्धाही कळत असेल, एवढा विश्वास त्या एका शब्दानं बसतो.

आणि सांगणार कोण? शिट्टी वाजवणारा सांगतो तेव्हा गर्दी वळसा घालते. गुरव सांगतो तेव्हा गर्दी थांबते. यात्रेच्या नियोजन बैठकीत अधिकाऱ्यांच्या खुर्च्या असतात. गुरवाची, दुकानदाराची, पालखीच्या भोयाची, वर्षानुवर्षं येणाऱ्या बायांची खुर्ची किती बैठकांत असते?

'पण परंपरेपुढे कुणाचं चालतं?' हा पुढचा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर वाईच्याच शेजारी आहे. बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड, म्हणजे नवसाचा माणूस टांगलेला बैलांचा गाडा, निघतं. पूर्वी महाराष्ट्रात बगाडाला माणूस टांगायचा तो पाठीत लोखंडी गळ टोचून. आज त्याला बांधून टांगतात. बगाड आहे, नवस आहे, बैल आहेत, भैरवनाथ आहे.

फक्त गळ गेला.

म्हणजे परंपरा बदलते. नवसाचा मान राखून सांगितलं, तर लोक बदल पचवतात आणि पुढच्या पिढीला 'आमच्यात असंच असतं' म्हणून अभिमानानं सोपवतात. सुरक्षेचा नियम जगवायचा असेल तर याहून पक्कं खातं दुसरं नाही.

आणखी एक उदाहरण. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट पलीकडे उतरला की पोलादपूर, पुढे महाड. तिथले डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावला की माणूस, विशेषतः लहान मूल, दगावायचं. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात होतं. मांत्रिक होता, उतारा होता, औषध नव्हतं. बावस्करांनी प्राझोसिन ही गोळी वापरून दाखवली आणि ते प्रमाण एका टक्क्यापर्यंत उतरलं.

पण शोध लागला आणि काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. खेड्यापाड्यातल्या डॉक्टरांना ते शिकवत राहिले. कारण विंचू रात्री चावतो आणि तेव्हा मोठं हॉस्पिटल लांब असतं. गोळी गावात हवी आणि ती द्यायची हे गावातल्या माणसाला ठाऊक हवं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू तेच, घरं तीच, रात्र तीच. मरणं तेवढी घटली.

काळ बदलला नाही. काम झालं.

सातारा-सांगलीचा स्वतःचा असा एक धोका आहे, ऊस. गळीत हंगामात रात्री मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर चालतात. उसाच्या पाल्यात रिफ्लेक्टर झाकून जातो. मागून येणाऱ्या दुचाकीला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकची वेळ टळून गेलेली असते. वाडीतल्या कुणाच्या तरी घरी दिवा विझतो आणि सकाळी मथळा येतो. कोणता, ते ठाऊक आहे.

यावर परिपत्रक निघतं. ट्रॉलीवाला परिपत्रक वाचतो का?

पण तो खंडेनवमीला अवजारं पुजतो आणि दसऱ्याला ट्रॅक्टर धुतो. झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, हळदीकुंकू वाहतो. वर्षातून एकदा तरी तो गाडीकडे हात जोडून, नीट निरखून पाहतो, तो हा दिवस. त्याच दिवशी कारखान्यानं गावात माणूस पाठवावा. हार घालायच्या आधी मागचा दिवा लावून बघायचा, रिफ्लेक्टर पाला लोंबणार नाही एवढ्या खाली चिकटवायचा, ब्रेक तपासायचा. आणि मग पूजा.

बैलगाडीसाठी आपल्याकडे बेंदूर आहेच. शिंगं रंगवतो, झूल घालतो. त्याच दिवशी जुवाला आणि गाडीच्या मागच्या फळीला चमकपट्टी लावता येते. खर्च किती? झुलीहून कमी.

जो माणूस यंत्राला देव मानतो, त्याला यंत्राची निगा राखायला सांगणं अवघड का वाटावं? अवघड आहे ते सांगणाऱ्याचं वेळापत्रक बदलणं. त्याचं वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत. गावाचं वर्ष पाडव्यापासून शिमग्यापर्यंत.

दोन पंचांगं जुळत नाहीत, आणि मधल्या फटीत माणसं पडतात.

शेवटी पुन्हा महाबळेश्वर. २८ जुलै २०१८, शनिवारची सकाळ. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला महाबळेश्वरकडे निघाले होते. आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत गेली. बसमधला एक जण वाचला. बाकी सगळे गेले.

त्या पावसात, त्या निसरड्या दरीत दोर लावून जी माणसं उतरली, त्यांत महाबळेश्वर ट्रेकर्सची पोरं होती. एकेक देह त्यांनी वर आणला. आजही कुणी कड्यावरून पडलं की पहिला फोन अशाच स्थानिक मंडळींना जातो. त्यांना प्रत्येक वळण ठाऊक आहे. कुठं कठडा पोकळ झालाय, कुठं पाणी रस्त्यावर येतं, कुठं धुकं सर्वांत आधी उतरतं, फोटोसाठी लोक नेमके कुठं थांबतात, हे त्यांना नकाशाशिवाय माहीत आहे. तसंच ते टॅक्सीवाल्याला, घोडेवाल्याला, मक्याचं कणीस भाजणाऱ्या मावशीला माहीत आहे.

या माहितीची किंमत आपण करत नाही, कारण ती फुकट मिळते. तिच्यावर शिक्का नसतो.

पावसाळा तोंडावर आला की या सगळ्यांना एका दुपारी बोलवा. चहा द्या. घाटाचा नकाशा पसरा आणि त्यांच्या हातात पेन द्या. ते जिथं फुल्या मारतील तिथं आधी कठडा बांधा, आधी दिवा लावा, आधी माणूस उभा करा. आणि दर वर्षी त्याच नकाशावर त्यांनाच पुन्हा विचारा, फुली पुसायची की ठेवायची? कार्यक्रम राबवणं म्हणतात ते याला. उद्घाटनाचा फोटो नसला तरी चालेल.

प्रेत वर काढायला ज्याला रात्री उठवता, त्याला जिवंत माणूस वाचवायला दिवसा बोलवा.