जंक्शन बॉक्सचं फाइव्ह एस ऑडिट

चाकणच्या कुठल्याही असेंब्ली लाइनवर जाऊन बघा. गाडीच्या डॅशबोर्डामागे जाणाऱ्या हार्नेसचे कनेक्टर उलटे बसतच नाहीत. खाचच अशी केलेली असते, की चुकायचं म्हटलं तरी चुकता येऊ नये. याला पोका-योके म्हणतात, हे आता आयटीआयच्या पोरालाही पाठ असतं. नटाला किती टॉर्क द्यायचा ते ठरलेलं. पॅनल उघडायचं तर आधी सप्लाय बंद, मग कुलूप, मग कुलपावर स्वतःच्या नावाचा टॅग. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ, हात पुढे करून, खड्या आवाजात. नंतर वडापाव.

मग शिफ्ट सुटते. कंपनीची बस खराबवाडी नाहीतर नाणेकरवाडीच्या फाट्यावर सोडते. आणि तोच गडी खोलीवर जाऊन सॉकेटमध्ये प्लगशिवाय दोन उघड्या वायरी खुपसतो. त्या हलू नयेत म्हणून शेजारी काडेपेटीच्या दोन काड्या ठोकतो. करंट आणि काडेपेटी एकाच भोकात सुखाने नांदवण्याचा हा प्रयोग कुठल्याही जपानी पुस्तकात सापडणार नाही. प्लग आणायचा राहिला म्हणून तात्पुरतं केलंय, असं त्याचं म्हणणं. तात्पुरतं म्हणजे खोली सोडेपर्यंत.

तेव्हा आमची नम्र सूचना अशी, की कंपनीतलं नीटनेटकेपणाचं पाच पायऱ्यांचं फाइव्ह एस ऑडिट एकदा घरातल्या जंक्शन बॉक्सचंही व्हावं. थेरगाव, काळेवाडी, मोशीपासून मेदनकरवाडीपर्यंत कुठल्याही दहा बाय दहाच्या खोलीत लागू पडेल असा नमुना अहवाल आम्ही तयारच ठेवला आहे.

पहिला एस, निवड. नको ते काढून टाकणे. झाकण चारपैकी एका स्क्रूवर लटकलेलं. आत जुन्या पंख्याची वायर, तिचं दुसरं टोक कुठे जातं हे कुणालाच माहीत नाही, पण टेस्टर लावला तर पेटतो. म्हणून तिला कुणी हात लावत नाही. निष्कर्ष: निवड झालेली आहे, फक्त वायरीने केलेली आहे.

दुसरा एस, व्यवस्था. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी, हे शाळेतलं. बॉक्समध्ये मात्र सगळ्या लाल, कारण बांधकामाच्या वेळी लालचंच बंडल उरलं होतं. एक पारदर्शक वायर आहे, ती गणपतीच्या स्पीकरची. एका जॉइंटला तांब्याची तार आणि अॅल्युमिनियमची तार एकमेकींना पिळलेल्या. या दोघींचं पटत नाही. गरम-गार होताना त्या कमी-जास्त फुगतात, अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि पीळ सैल पडत जातो.

तिसरा एस, स्वच्छता. चिकटपट्टी संपली असावी, कारण एका जॉइंटला दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून वर दोरा बांधलाय. तळाशी पालीचं अंडं. चौथा, प्रमाणीकरण: शेजारच्या आठही खोल्यांत हाच प्रकार आढळला, त्यामुळे पूर्ण गुण. पाचवा, शिस्त: यापुढे कुणी झाकण उघडायचं नाही, अशी मालकांची सक्त ताकीद आहे.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या निघाल्या. खाली आठ, मग वर आठ, मग गच्चीवर पत्र्याच्या चार. मीटरपासून पहिल्या मजल्यापर्यंत आलेली वायर तीच, फक्त तिच्यावरची माणसं वाढली. ‘मालक, बाथरूमच्या नळाला करंट मारतोय,’ असं लातूरचं पोरगं सांगायला गेलं, तर उत्तर तयार: ‘मग सिलपर घालून आंघोळ करीत जावा की.’ या नळाची कथा अशी, की मागे न्यूट्रल तुटली होती आणि ती शोधत बसण्यापेक्षा कुणीतरी अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून जोडून टाकली. पंखा फिरला, काम झालं. पुढे तीच वायर कुठे तुटली, की पंख्यातून आलेला करंट परतीची वाट न मिळाल्याने गिझरच्या पत्र्यावर आणि नळावर येऊन थांबतो. साबण लावलेल्या माणसाची वाट बघत.

घरच्या घरी वायरी जोडण्याच्या या धंद्याचा मुहूर्त गुरुवारचा. आपल्याकडे गुरुवारी बऱ्याच कंपन्यांना सुट्टी आणि दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वारही तोच. मग मेन स्विच बंद करायची गरजच काय? सप्लाय तर महावितरणनेच बंद केलाय. स्टुलावर चढून माणूस दाताने वायर सोलत असतो. लाइट कधी येणार, हे तेवढं त्याला कुणी कळवत नाही.

आता जरा शॉर्टसर्किटची बाजू घेऊ, कारण ती कुणीच घेत नाही. आग लागली, की ‘प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा’ असं छापून येतं आणि विषय संपतो. वास्तविक फेज-न्यूट्रल थेट भिडले, तर धड बसवलेली एमसीबी क्षणात पडते. खरा चोर सैल जॉइंट. दोन किलोवॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो. जॉइंटमध्ये अर्धा ओहम रोध असला, तर तिथे जवळपास ३८ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे भिंतीच्या आत कुणी रोज सकाळी सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी केलेलं असतं. सोळा अँपिअरच्या एमसीबीला मात्र पावणेनऊच दिसतात, ती निवांत. आणि कधी पडलीच, तर आपण वायर बघत नाही, बत्तीसची एमसीबी आणतो.

३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीच्या पूर्णानगरात एका हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. दुकानातच झोपलेलं एक कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं, गेलं. तेव्हाही अंदाज शॉर्टसर्किटचाच होता. मुलं गेलेल्या ठिकाणी आमचा विनोद चालत नाही. एवढंच विचारतो: अंदाज जर प्राथमिक असतो, तर दुय्यम कधी येतो? कुठला जॉइंट, कुणी केला, कुणी तपासला, हे सांगणारी बातमी आठवडाभरानंतर आलेली कुणाच्या वाचनात आहे का?

नियम नाहीत असं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम २०१० साली आले, २०२३ मध्ये नव्याने आले. त्यांनुसार घरातला दिवा, पंखा, फ्यूज, बटण तुम्ही खुशाल बदला. पण वायरिंगमध्ये भर घालणं, फेरफार करणं हे परवानाधारक ठेकेदाराचं काम. नवं मीटर घेताना त्याचा टेस्ट रिपोर्टही लागतो. तो रिपोर्ट तळमजल्याचा असतो. नंतर वाढलेल्या मजल्यांनी तो बघितलेलाही नसतो. शहाण्या मालकाने आरसीसीबी बसवली, तर ती ३० मिलिअँपिअरची गळती होताच पडते. अर्थिंग-न्यूट्रलची सरमिसळ असलेल्या घरात ती सारखीच पडणार. ती चुगली करते म्हणून तिलाच काढून टाकतात. भाडेकराराच्या कागदावर सुरक्षेचं एकच कलम आढळतं: शेगडी आणि हीटर वापरू नये. तेही बिलामुळे.

ज्यांना हौस असेल त्यांनी एवढं करावं. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, परवाना असलेल्या वायरमनसमोर एकदा झाकण उघडावं. पिळलेले जॉइंट काढून कनेक्टर घालावेत, गिझरला बोर्डपासून स्वतंत्र जाड वायर द्यावी, अर्थिंग मोजून घ्यावं. पंचावन्न इंची टीव्हीचा हप्ता भरणाऱ्याने वायरमनच्या मजुरीत घासाघीस करू नये.

बाकी शास्त्र सोपं आहे. एमसीबी वायरीला वाचवते. आरसीसीबी माणसाला वाचवते. आणि खोलीमालकापासून साहेबांच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांना वाचवणारं एक तिसरं उपकरण आहे, त्याचं नाव प्राथमिक अंदाज. ते कितीही लोड घेतं आणि आजवर एकदाही पडलेलं नाही.