सेतूवाले भाऊ

चिखली–खामगाव रस्त्यावर अमडापूरला उतरावं आणि विचारावं, "सेतूवाले भाऊ कुठं भेटतील?" समोरचा हसतो. "भेटतील म्हन्जे? बसेल असतीन."

सातबारा, ई-केवायसी, उत्पन्नाचा दाखला, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, भाऊंचं सगळं बसून चालतं. 2023 च्या खरिपात सरकारनं एक रुपयात पीकविमा आणला तेव्हा अख्खं शिवार दुकानात उतरलं होतं. सर्व्हर दिवसा झोपायचा, मध्यरात्री जागा व्हायचा. भाऊ दोन्ही वेळा हजर. "मी उठलो का सर्व्हर येते," हे त्यांचं ठाम मत, आणि अनुभव त्यांच्याच बाजूनं आहे.

खुर्ची लाल प्लास्टिकची. मागचा एक पाय तडकलेला, त्याला तार गुंडाळलेली. बुडाखाली गोधडीची घडी. कमरेला पट्टा, तोही शर्टाच्या वरून, कारण दुखणं लोकांना दिसलं पाहिजे. दाखल्याला येणारा माणूस आधी कमरेची विचारपूस करतो. तशी रीतच पडली आहे. न विचारणाऱ्याचा ओटीपी उशिरा येतो.

शेक झाला, निलगिरीचं तेल झालं, एरंडाचं पान झालं. शेवटी पायाळू माणसाची लाथ. उसण भरली की जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्याकडून कमरेत लाथ घ्यायची, ही आपली जुनी चिकित्सा. पायाळू मिळालाही. त्याच्या आधारवरच्या जन्मतारखेची दुरुस्ती याच दुकानात महिनाभर अडकली होती. लाथ मनापासून बसली. भाऊंनी ती खुर्चीतच, अर्धवट वळून घेतली.

शास्त्रालाही या कमरेनं बरंच फिरवलंय. इटलीच्या रामाझिनींनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. बसून काम करणारे शिंपी आणि चांभार पाठीत वाकतात, त्यांनी सुटीच्या दिवशी तरी अंग हलवावं, असं त्यात आहे. 1960 च्या दशकात स्वीडनच्या नाकेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला, तर उभ्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला. 1999 मध्ये जर्मनीच्या विल्के यांनी एका माणसाच्या चकतीत यंत्र ठेवून पाहिलं, तर सैल बसल्यावर तो उलट थोडा कमीच! पुढच्या अभ्यासांचा सूर असा की नुसत्या बसण्यावर आळ घेता येत नाही; अवघडून बसणं आणि गाडीचे हादरे जोडीला आले की कंबर खरी धरते. म्हणजे मान एसटीच्या ड्रायव्हरचा. हे भाऊंना सांगायची माझी छाती नाही; माझा उत्पन्नाचा दाखला अजून त्यांच्याकडे आहे.

ते धाडस एका आजीनं केलं. सोयाबीन निंदून थेट केवायसीला आली होती. भाऊंनी सवयीनं सुरू केलं, "आजी, कंबर लय ठनकते वं."

"काहून?"

"बसून बसून."

"मंग वावरात ये निंदाले. मले तं सकाळपासून बसाले भेटलं नाई, बाप्पा."

भाऊंनी गप्प तिचा अंगठा मशीनवर ठेवला. उमटेना. रेषा निंदणातच झिजलेल्या.

नवरात्रात भाऊ बल्लाळदेवीच्या टेकडीवर चढून जातात. त्या दिवसांत कंबर दुखत नाही. श्रेय अर्थात देवीचं. चढणीला कोणी विचारत नाही.

मध्यंतरी चिखलीला हाडाच्या डॉक्टरकडे गेले. एसटीत जागा नव्हती, दांडीला धरून उभ्यानं प्रवास. उतरले तेव्हा कंबर साफ मोकळी! भाऊ घाबरलेच, आता डॉक्टरला दाखवायचं काय? पण दवाखान्यातल्या बाकड्यावर नंबर यायला दोन तास लागले आणि दुखणं वेळेवर हजर झालं. डॉक्टरांनी गोळ्या थोड्याच दिल्या. दर अर्ध्या तासाला उठा, चार पावलं चाला, म्हणाले.

भाऊंनी मोबाईलवर तसा गजर लावला. परवा तो वाजला तेव्हा मी तिथंच होतो. बाहेर बाकावर बसलेली आठ-दहा माणसं सर्व्हर आला समजून धडपडत उठली, कागद सावरत दारात आली. भाऊंनी बसल्या बसल्याच गजर बंद केला.

"बसा, बसा," म्हणाले. "माह्या उठायचा हाये तो."