पी गप्प

काका अंबरनाथचे. सकाळी उलटे बदलापूरला येतात आणि त्याच लोकलने रिटर्न मारतात, सीटवर बसून. आम्ही अस्सल बदलापूरकर उभे, आणि वर इंग्रजीची शिकवणी. असे एक काका तुमच्याही डब्यात असतीलच.

त्यांचं हत्यार म्हणजे जेवणाच्या डब्याचं झाकण. एकदा मी नुसतं म्हणालो, "आज तुमची सीट कम्फर्टेबल दिसतेय." टक, टक, टक. "कम्फ-ट-बल. तीन तुकडे. तुम्ही चार केलेत." वेडनेसडेला दोनच टक: "वेन्झ-डे. वोडन देवाचा वार. त्याचा डी स्पेलिंगात राहिला, तोंडातून गेला." उल्हासनगरला चढणारा आमचा सिंधी मित्र 'कँप चार' म्हणाला, तर एक टक. "मूळ लॅटिन कॅम्पस. म्हणजे मैदान." मित्र म्हणाला, "मैदान कुठलं काका, फाळणीनंतर आजोबा आले ते लष्कराच्या बराकीत." त्या दिवशी कल्याणपर्यंत झाकण वाजलं नाही.

पण रिसीटवर त्यांचा विशेष जीव. पास काढला, वीजबिल भरलं, वर्गणी दिली, कुणी 'रिसिप्ट' म्हणालं की झाकणावर टक आणि ओठांवर बोट: "पी गप्प!" आम्ही मुद्दाम म्हणायचो. ते दर वेळी फसायचे.

एकदा पावसात गाडी मुंब्र्याला तासभर अडकली, तेव्हा आपणहून बोलले. तरुणपणी एका कारखान्याच्या इंटरव्ह्यूला ते 'रिसिप्ट' म्हणाले. टेबलापलीकडचे तिघे हसले. नोकरी मिळाली नाही. "लॅटिन शब्दात पी होता म्हणून पंडितांनी तो स्पेलिंगात मागाहून घुसडला. बोलणाऱ्यांनी कधी उच्चारलाच नाही. हे त्या तिघांना तरी कुठे ठाऊक असणार?" झाकण मांडीवर पालथं होतं.

मागच्या आठवड्यात मात्र स्वारी खुशीत. नातीला शाळेत मॉन्गूसवर प्रोजेक्ट होता. काकांनी कोश उघडला, तर मूळ शब्द मराठी: मुंगूस. "आपला शब्द! ऐकू आला तसा लिहिला साहेबाने, आणि शेपटाला गूस लावला. मुंगसाचा हंस केला हो! आता हसा म्हणावं."

तेव्हापासून डब्यात कुणी रिसिप्ट म्हणत नाही. मॉन्गूसचं अनेकवचन मॉन्गूसेस. मॉन्गीस म्हणायचं असेल, तर कल्याणला उतरून दुसऱ्या डब्यात जा.