हिवाळी अप-डाऊन : सायकलस्वार कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना

सदर सूचना हिंगोलीत राहून औंढा नागनाथ परिसरात नोकरी करणाऱ्या, आणि ही ये-जा वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या रोड बाईकवरून करू पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत. कागदोपत्री असा एकही कर्मचारी अस्तित्वात नाही. सगळे मुख्यालयी राहतात, ग्रामसभेचा तसा ठराव फाईलला लावलेला आहे आणि घरभाडे भत्ता वेळेवर निघतो. तरीही रोज सकाळी एसटी स्टँडवर डबे घेऊन उभ्या असलेल्या गर्दीला कुठंतरी जायचं असतं, एवढं गृहीत धरून पुढं जाऊ.

थंडीचं नंतर पाहू, आधी लोकांचं. पगारदार माणूस सायकलवर दिसला की गावाला स्वस्थ बसवत नाही. गाडीचे हप्ते थकले असतील, नाहीतर शुगर निघाली असेल. तिसरा पक्ष म्हणतो, सर झेडपीला उभे राहताहेत. "कामून सर, गाडी इकली का काय?" या प्रश्नाला पर्यावरण, इंधनबचत वगैरे उत्तरं देऊ नयेत, संशय वाढतो. "डॉक्टरनं सांगितलंय" एवढंच म्हणावं. लोक हळहळतात आणि वाट सोडतात. सायकलची किंमत विचारली तर शेवटचं एक शून्य खाऊन सांगावी. तरीही महागच पडली असं ऐकायला मिळेल, कारण तिला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही आणि घंटीही नाही. "मंग दिलं काय त्यानं?" हा प्रश्न रास्त असल्याने त्यावर वाद घालू नये.

हवा हा स्वतंत्र विषय आहे. या सायकलच्या ट्यूबला प्रेस्टा नावाचा काडीसारखा बारीक वाल असतो. पंक्चरवाला आधी तो दोन बोटांत धरून पाहतो, मग तुमच्याकडे पाहतो, मग शेजारच्या चहावाल्याला बोलावून दाखवतो. त्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही. यासाठी पितळेची छोटी टोपी मिळते, ती ऑनलाइन मागवून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवावी. वालाच्या टोकाची चकती सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही, हे त्याला सांगावं, पटणार नाही. बारीक टायरला ऐंशी-नव्वद पाउंड हवा लागते हे ऐकून तो दोन पावलं मागं सरकतो, आणि यात त्याची चूक नाही. गारठ्यात टायरमधला दाब आपोआप थोडा उतरतो, म्हणून दुपारी भरलेली हवा पहाटे पुन्हा चाचपावी.

आता कपडे. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा एखाद्या डिसेंबरात पाच अंशांच्याही खाली जातो, आणि शेजारधर्म म्हणून हिंगोलीही कुडकुडते. टूर द फ्रान्सचे शर्यतपटू डोंगर उतरताना जर्सीच्या आत छातीशी वर्तमानपत्र खुपसत आले आहेत. वारा अडवायला त्याहून स्वस्त उपाय नाही. आपल्याकडे नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी वापरावी. पानं जास्त आणि बातमी एकही नाही, त्यामुळे पोचल्यावर वाचत बसण्याचा मोह होत नाही. कानटोपी हेल्मेटच्या आत घालावी, वर नव्हे. हे सांगावं लागतं.

शनिवारी सकाळची शाळा. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे शनिवारी अंधारातच निघणं आलं. त्यात धुई पडलेली असते, आणि धुईत ऊस असतो. खरी परीक्षा इथं आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही काठोकाठ भरलेल्या, मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि बाजूला लोंबणारी कांडी बरोबर सायकलस्वाराच्या कानाच्या उंचीवर. सुदैवाने दिवा नसला तरी डेक असतो. गाण्याचे शब्द कळू लागले की ब्रेक दाबावा. एक ट्रॉली ओलांडली म्हणजे ट्रॅक्टर ओलांडला असं समजू नये. शर्यतीतले लोक वारा टाळायला पुढच्याच्या चाकाला चिकटून चालतात. ट्रॉलीमागे तसं चालणारा सायकलस्वार, पोरांनी ओढलेला ऊस निसटला की पहिला खाली येतो. समोरचा प्रखर दिवा लावलाच असेल तर मागचा लाल दिवाही लावा. मागून येणाऱ्याकडे बहुधा डेकच असेल.

डिसेंबर-जानेवारीत रस्त्यावर तूर पसरलेली असते. गाड्यांच्या चाकांनी मळणी फुकट होते, हा हिशोब शेतकऱ्याच्या बाजूने अगदी चोख आहे. पण त्या तुराट्यांवरून बारीक टायर साबणावरून गेल्यासारखं सरकतं. उतरून ढकलत न्यावी. "चालवा की वरून, तेवढीच मळल," असा आग्रह होईल. शेळ्यांसाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या ओलांडताना मात्र सायकल उचलून खांद्यावर घ्यावी. या सायकलचा हलकेपणा शेवटी इथंच वसूल होतो.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्राने 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिचे दोन बाहू प्रत्येकी 4 किलोमीटरचे, आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपण्याची या उपकरणांची ताकद. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याचं तिथं कळेल. म्हणून ती सुरू होण्याच्या आत गावोगावचे हौशी गतिरोधक कमी करावेत, अशी विनंती आहे. आमचा मणका त्यांची नोंद केव्हापासून ठेवतोच आहे.

राहिला वारा. हिवाळ्यात तो ईशान्येकडून येतो आणि औंढा हिंगोलीच्या नैर्ऋत्येला. त्यामुळे जाताना वारा पाठीशी असतो आणि माणसाला स्वतःच्या तब्येतीबद्दल गैरसमज होतो. येताना तोच पंचवीस किलोमीटर तोंडावर, शिवाय डबा रिकामा. या वेळी मोटारसायकलवरचे ओळखीचे लोक "या, खांद्याला धरा" म्हणतील. धरू नये, त्यांचेही दिवे पाहिलेले आहेत.

या सूचना औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेपर्यंतच लागू राहतील. त्यानंतर एसटीचा पास काढावा.